दाढ काढल्यानंतरची गोळी

माझे अक्षर ओळीवर बसत नाही, वर-खाली होते. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे चौथी पास होईपर्यंत कळले नाही, आणि पुढे शाळाच नव्हती म्हणून नंतरही कळले नाही. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्या. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आहे. तरी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, म्हणून माफी आधीच मागते.

दिवाळी अंकात निवृत्त माणसे आपापल्या नोकरीचे लिहितात ते मी आवडीने वाचते. कुणी पोस्टमास्तर असतो, कुणी फौजदार. दातांच्या दवाखान्यातल्या बाईने लिहिलेले अजून वाचनात आले नाही. अशा बाईकडे लिहिण्यासारखे काही असेल असे कुणाला वाटत नसावे. मलाही पुष्कळ वर्षे वाटले नव्हते.

आमचा दवाखाना पावणे गावच्या फाट्यावर होता. एक खोली, वर पत्रा, मध्ये प्लायवूडचे पार्टिशन. पलीकडे खुर्ची आणि डॉक्टर, अलीकडे बाकडे आणि मी. डॉक्टर सबनीस ठाण्याहून स्कूटरवरून येत. तेव्हा चहूकडे कारखाने उभे राहत होते. रबराचे, रंगाचे, औषधांचे. वारा फिरला की वास बदलायचा आणि बाकड्यावरची माणसे वासावरून सांगायची, आज अमक्या कंपनीत पाळी चालू आहे. पेशंट म्हणजे या कंपन्यांतले कामगार आणि आसपासच्या गावांतली माणसे, ज्यांच्या शेतांवर त्या कंपन्या उभ्या होत्या. माझे मालक त्यातल्याच एका कंपनीत होते. ते गेल्यावर मुलगी पदरात होती, म्हणून मी ही नोकरी धरली.

मला बोलायची भीती वाटायची. नव्या माणसाशी बोलायचे म्हटले की जीभ टाळूला चिकटायची. पण दातांच्या दवाखान्यात एक सोय असते. दाढ काढलेल्या माणसाच्या तोंडात कापसाचा बोळा असतो, तो काही बोलू शकत नाही. त्यामुळे बोलणे सगळे माझ्याकडे. पहिली दोन वर्षे मी त्यांच्या तोंडाकडे न बघता, बोळ्याकडे बघून बोलायचे. बोळा अर्धा तास दाबून धरा, थुंकू नका, आज चूळ भरू नका, गरम चहा नको, पेज थंड करून प्या, बिडी नको, मिश्री नको. मिश्रीचे नाव काढले की बायका हताश होऊन बघायच्या. सकाळी मिश्री लावल्याशिवाय ज्यांच्या पोटात चहा जात नाही त्यांना तीन दिवस बंदी म्हणजे शिक्षाच.

सगळ्यांत अवघड असायचे गोळीचे समजावणे. बाहेरच्या माणसाला वाटते दाढ काढणे अवघड. काढताना काहीच वाटत नाही, इंजेक्शनने जबडा बधिर झालेला असतो. खरे दुखणे सुरू होते दोन-तीन तासांनी, बधिरपणा उतरला की. म्हणून पहिली गोळी तो उतरायच्या आत पोटात जायला हवी, थोडे काही खाऊन. हे कुणाला पटायचे नाही.

"आता दुखत नाय, मंग गोली कशाला?"

"दुखेल संध्याकाळी."

"दुखंल तवा खाऊ."

मग संध्याकाळी गालाला हात लावून तोच माणूस बाकड्यावर हजर. मी पुढे एक उत्तर तयार केले. भूक लागल्यावर तांदूळ निवडायला बसलात तर जेवण कधी होणार, आधी शिजवून ठेवायला नको का? हे बायकांना लगेच कळायचे. पुरुषांना कळायला वेळ लागे, कारण त्यांनी तांदूळ कधी निवडले नव्हते.

पुड्या मी बांधायचे. डॉक्टर हजार गोळ्यांचा डबा आणत, त्यातून थोड्या तपकिरी बाटलीत काढून ठेवत. जुन्या कॅलेंडरचे चौकोन कापायचे, एका पुडीत एका दिवसाच्या तीन गोळ्या. पुष्कळांना वाचता येत नव्हते, म्हणून मी पुडीवर चित्रे काढायचे. सकाळसाठी किरणे असलेला सूर्य, दुपारसाठी नुसता गोल, लोक त्याला भाकरी म्हणत, आणि रात्रीसाठी चंद्रकोर. डॉक्टरांनी पहिल्यांदा बघितले तेव्हा हसले, पण दुसऱ्या दिवशी पेन्सिलींचा नवा डबा घेऊन आले, लाल आणि निळी. रात्रपाळीवाल्यांची मात्र पंचाईत. एक वेल्डर चंद्राची गोळी घेऊन कामावर गेला आणि सूर्याची गोळी झोपेतून उठून घ्यायची म्हणून दुपारी तीनपर्यंत कण्हत पडला. मग रात्रपाळीवाल्यांसाठी मी जेवणाचा डबा काढू लागले. डबा उघडला की गोळी.

माणसे एकेक. एका फिटरने दुकानातली गोळी आणून दुखऱ्या दाढेशेजारी गालात धरून ठेवली, रात्रभर. जिथे दुखते तिथेच औषध लावायचे, हे त्याचे शास्त्र. सकाळी आला तेव्हा गाल आतून उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा पांढरा होऊन सुटत होता. गोळी गिळायची असते, ती रक्तातून दुखण्यापर्यंत जाते, हे ऐकून तो म्हणाला, "एवढा लांबचा फेरा कशाला?" रंगाच्या कंपनीतल्या एका मुकादमाने दोन दिवसांच्या सहा गोळ्या एकदम घेतल्या. कटकट एकदाच संपवली, म्हणे. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्याला दोन तास बाकड्यावर बसवून ठेवले आणि सांगितले, आठ दिवस दारूला शिवलास तर लिव्हरची ग्यारंटी देणार नाही. मुकादम मला हळूच विचारतो, "बाई, आठ म्हणजे आजचा धरून का उद्यापासून?"

हे मी हसत लिहिते आहे, कारण पुढचे लिहायचे टाळते आहे.

गोळ्या संपल्या होत्या. डॉक्टरांना ठाण्यात वेळ झाला नव्हता, म्हणून त्यांनी मला वीस रुपये आणि चिठ्ठी दिली. "इंदूबाई, दुपारी वाशीला केमिस्टकडे जाऊन या. चिठ्ठीवर आहेत त्याच द्या म्हणावं, पन्नास." चिठ्ठी इंग्रजीत होती. मी ती ब्लाऊजमध्ये ठेवली आणि फाट्यावर उभी राहिले. एक तास बस आली नाही. चारला दवाखाना उघडायचा, त्याआधी भांडी उकळून ठेवायची असत. फाट्यावरच एक किराणा दुकान होते, त्यात मिठाईच्या बरणीसारख्या बरणीत गोळ्या सुट्या मिळत.

"शेट, दुखण्याच्या गोळ्या आहेत?"

"दर्द की ना? ह्या काय, एकदम चांगल्या. कंपनीवाले समदे हीच नेतात."

मी एक गोळी तळहातावर घेऊन बघितली. पांढरी, गोल, मध्ये रेघ. आमची पण पांढरी, गोल, मध्ये रेघ. दुखण्याची गोळी ती दुखण्याची गोळी, असे मला वाटले. मलाच नव्हे, तेव्हा सगळ्यांनाच तसे वाटे. लोक भाजी बदलून आणत तशी गोळी बदलून आणत. मी पन्नास घेतल्या, बाटलीत भरल्या आणि उरलेले पैसे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, "मिळाल्या?"

मी म्हटले, "हो."

बस आली नाही, दुकानातून आणल्या, एवढे सांगायचे होते. पण त्यांनी सांगितलेले काम मी केले नाही असे झाले असते, आणि तेवढे वाक्य उभे करायला मला धीर लागला असता. हो म्हणणे सोपे होते.

दुसऱ्या दिवशी गणपत म्हात्रे आला. पावणे गावातलाच, तिशीतला, उंच, लाजरा माणूस. त्याच्या बापाची भातशेती कारखान्यांत गेली होती आणि तो त्यातल्याच एका कारखान्यात माल चढवायच्या कामावर होता, टेंपररी. महिन्याअखेर काही जणांना परमनंट करणार होते आणि यादीत त्याचे नाव होते. त्याची अक्कलदाढ हाडात आडवी झोपली होती. डॉक्टरांनी हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून काढली आणि तीन टाके घातले. मोठेच काम झाले. बरोबर त्याची बायको बारकूबाय होती, नावाप्रमाणे लहानखुरी, पण आवाज रस्त्यापलीकडे जाणारा.

मी पुड्या दिल्या, चित्रे समजावली. गणपतसारखा पेशंट मी आधी पाहिला नव्हता. प्रत्येक गोष्टीला मान हलवून, पुन्हा बोटांनी खूण करून विचारून घेतले. सूर्य, भाकरी, चंद्र. बारकूबाय म्हणाली, "तू काळजी करू नको बाय, मी घड्याळावानी देईन."

तिने तशाच दिल्या. एकही चुकवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून ती त्याला घेऊन आली. त्याच्या तोंडाला टॉवेल होता आणि तो टॉवेल लाल झाला होता. रक्त काल संध्याकाळपासून झिरपत होते, थांबत नव्हते. डॉक्टरांनी बोळे दाबले, टाके पुन्हा घातले, तासभर खटपट केली. मी ट्रे घेऊन शेजारी उभी.

"बिडी ओढलीत?" डॉक्टरांनी विचारले.

गणपतने मान हलवली, नाही.

बारकूबाय म्हणाली, "बिडीला हात लावला नाय त्यानी. मी बिड्या चुलीत घातल्या."

"चूळ भरलीत? थुंकलात सारखं?"

"नाय. तुमच्या बायनी सांगितला तसा केला. पेज दिली थंड करून. आनी ही पुडी." तिने कमरेची पुडी काढून दाखवली. माझा चंद्र त्यावर होता. "हीच गोली दिली, दुसरा काय नाय."

डॉक्टरांनी पुडीकडे एकदा बघितले. "ही आपली गोळी. हिने रक्त येत नाही. सगळे असंच म्हणतात, काही केलं नाही म्हणून."

त्यांनी गणपतला त्याच टेम्पोतून ठाण्याच्या दवाखान्यात पाठवले, स्वतः मागून स्कूटरवर गेले. तिथे त्याला रक्ताची बाटली लावली, पाच दिवस ठेवून घेतले.

डॉक्टरांचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हिने रक्त येत नाही, म्हणजे दुसऱ्या कुठल्या गोळीने येते का? दुसऱ्या दिवशी ते हात धूत असताना मी विचारले. मी आपणहून काही विचारले याचेच त्यांना नवल वाटले.

"येतं ना," ते म्हणाले. "ॲस्पिरिननं येतं. दुखणं थांबवते ती, पण रक्त लवकर गोठू देत नाही. म्हणून तर दाढ काढल्यावर मी ती देत नाही. किराण्याच्या दुकानात मिळतात ना, त्या बऱ्याचशा त्याच."

मी त्याच दिवशी चिठ्ठी घेऊन वाशीला गेले, माझ्या पैशांनी खऱ्या गोळ्या आणल्या, आणि दुकानातल्या उरलेल्या गोळ्या गटारात ओतल्या. मधल्या दिवसांत आणखी दोघांना पुड्या गेल्या होत्या. त्यांची घरे शोधून काढली, पुड्या जुन्या झाल्यात असे सांगून बदलून दिल्या. देव पावला, त्यांचे साधे दात होते, काही झाले नव्हते. हे सगळे मी भराभर केले. फक्त डॉक्टरांना सांगायचे ते केले नाही. रोज सकाळी ठरवून यायचे आणि रोज भांडी उकळायचे. नोकरी गेली तर मुलीला घेऊन कुठे जाणार होते मी?

पण गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. गणपतच्या कंपनीने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, माणूस गैरहजर का. डॉक्टरांनी त्यांना जे खरे वाटत होते ते लिहून दिले, की पेशंटने सूचना पाळल्या नाहीत म्हणून रक्तस्राव झाला. कंपनी म्हणाली, स्वतःच्या चुकीने घरी बसला, खाडा धरणार, आणि यादीतले नाव काढले. बाकड्यावर बसलेली माणसे हे बोलत होती. एकजण हसून म्हणाला, "गणप्याला बिडी महाग पडली." दुसरा म्हणाला, "बारकी शप्पत घेते रस्त्यावर उभी राहून. कोन ऐकतंय."

मी आत गेले. डॉक्टर कपाटात काही शोधत होते.

"डॉक्टर, गणपतनं बिडी ओढली नव्हती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ती गोळी आपली नव्हती."

पुढे मी काय आणि कसे सांगितले ते आठवत नाही. दुकान, बरणी, बस, सगळे उलटसुलट. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. चुरगळलेली चिठ्ठी मी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलगडून सरळ केली.

"मी विचारलं तेव्हा हो का म्हणालात?"

"बस आली नाही हे सांगायची लाज वाटली."

"बस आली नाही याची तुम्हाला कसली लाज, इंदूबाई? तुम्ही काय एस.टी. चालवता?"

मला रडू आले. त्यांनी मला स्टुलावर बसायला सांगितले. त्या खोलीत मी त्याआधी कधी बसले नव्हते.

मग ते म्हणाले, "पाच वर्षं पुड्या बांधताय. गोळीगोळीत फरक असतो हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. मला वाटलं, यांना काय करायचंय सांगून." आणि कागद ओढून कंपनीला दुसरी चिठ्ठी लिहायला बसले. दवाखान्यातून चुकीची गोळी दिली गेली, पेशंटचा काही दोष नाही, असे. खाली सही केली ती स्वतःची. माझे नाव कुठे नव्हते.

"आता त्यांच्या घरी जायचं," ते म्हणाले. "बसा स्कूटरवर."

परक्या पुरुषाच्या मागे स्कूटरवर बसणे मला जमण्यासारखे नव्हते. मी म्हटले, मी चालत येते. मग मी पुढे चालत आणि डॉक्टर स्कूटर हातात धरून मागून ढकलत, अशी आमची वरात पावणे गावात गेली.

गणपत ओटीवर गोधडी पांघरून बसला होता. गाल सुजलेला, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी सरळ सांगितले, चूक आमची झाली, कंपनीला तसे लिहून दिले आहे. बारकूबायने ऐकून घेतले आणि मग माझ्याकडे वळली.

"तू दिलेली गोली?"

"हो वहिनी. दुकानातून आणली होती. मला माहीत नव्हतं."

"मी सांगत होते तवा तू ट्रे घेऊन उभी होतीस."

"हो."

"चार दिस गावानी माझ्या तोंडावर हसून घेतला. तवापन उभीच होतीस."

डॉक्टरांनी पाकीट काढले. म्हणाले, टाके सुकेपर्यंत सोळा दिवसांचा रोज बुडतो, तो मी देतो, दवाखान्याचा खर्च तर मी दिलाच आहे.

"तुमचं पैसं नको," बारकूबाय म्हणाली. "तुमी आज द्याल आनी परवा इसराल. चूक हिच्या हातची, पैसं हिच्या हातचं पायजेत."

"अहो, त्यांचा पगार शंभर रुपये आहे," डॉक्टर म्हणाले.

गणपत गोधडीतून पुटपुटला, "अगो, जाऊ दे ना."

"तू गप बस. तुज्या तोंडात टाकं हायेत."

सोळा दिवसांचे दहा रुपयांप्रमाणे एकशे साठ झाले. मी म्हटले, महिन्याला पाच देईन. तिने आतून कोळसा आणला आणि स्वयंपाकघरातली चुलीमागची भिंत दाखवली. "दर पाचाला एक रेघ. मला लिवता येत नाय, पन मोजता येतंय."

गणपतला कामावर परत घेतले. परमनंट मात्र लगेच झाला नाही, पुढच्या यादीत झाला. ते सहा महिने त्याचे माझ्यामुळे गेले, ते कुठल्या भिंतीवर मांडता आले नाहीत. याची रुखरुख मला अजून आहे.

डॉक्टरांनी त्यानंतर मला शिकवायला घेतले. रोज दवाखाना बंद करायच्या आधी दहा मिनिटे. इंग्रजीतली दोन नावे तेवढी आधी ओळखायला शिकवली, पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिन. अक्षरे नव्हे, नावाचा आकार. एक कुठल्या अक्षराने सुरू होते, दुसरे कुठल्या. ज्याला पोटात जळजळ, अल्सर आहे त्याला काय देऊ नये, दारू पिणाऱ्याला काय सांगावे, दोन कंपन्यांच्या दोन गोळ्यांत औषध एकच कसे असते आणि दोन्ही घेतल्या तर दुप्पट कसे होते. पेशंटला आधी कुठली गोळी खाऊन आलास हे विचारायचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. बोळ्याकडे बघून हे विचारता येत नाही. डोळ्यांकडे बघावे लागते, नाहीतर माणूस खरे सांगत नाही. हे मला चांगलेच माहीत होते.

दर महिन्याच्या पगाराला मी पावण्यात जायचे. पहिले दोन-तीन महिने बारकूबाय ओटीवरच पैसे घ्यायची, आत जाऊन रेघ मारायची आणि बाहेर येऊन "हूं" म्हणायची. चौथ्या महिन्यात पाणी दिले. सहाव्यात चहा. पावसाळ्यात एकदा म्हणाली, "भिजत कशाला आलीस, पैसं काय पलून जात होतं?" मग शेजारणी जमू लागल्या. मला सगळे 'दातवाली बाय' म्हणत.

"दातवाले बाय, माज्या दाढंत लवंग धरली तर चालंल?"

"दातवाले बाय, ही गोली चांगली का ती?"

मी सांगायचे. गोळी हिरडीवर ठेवू नका, उपाशीपोटी घेऊ नका, दाढ काढणार असाल तर ही घेऊ नका. मी सांगून संपवले की बारकूबाय मोठ्याने पुढे सांगायची, "ऐका तिचा. तिनीच आमच्या ह्यांना ती गोली घातलेली, बादलीभर रगत गेला." प्रत्येक वेळी. बादली कधी दोन बादल्या व्हायची. सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे सवय झाली. इतकी, की तिने एखाद्या वेळी सांगितले नाही तर बायका माझे ऐकत नसत, आणि मलाच आठवण करून द्यावी लागे, वहिनी, ते रक्ताचं सांगा की.

दोन वर्षांनी बारकूबायचीच दाढ काढायची वेळ आली. बाई खुर्चीत बसली आणि माझा हात धरला तो निळा होईपर्यंत सोडला नाही. डॉक्टरांना म्हणाली, गोली मी हिच्याच हातनी घेनार. मग तीन दिवस मी कामावर यायच्या आधी, दुपारच्या सुट्टीत आणि घरी जाताना तिच्या घरी जाऊन गोळी देत होते. ती प्रत्येक वेळी गोळी उजेडात धरून बघायची. "कुटली हाय ही?" मी नाव सांगायचे. "पुना बोल." मी पुन्हा सांगायचे. तेव्हा गिळायची.

एकतिसाव्या महिन्याचा पगार झाला. मी पाचाची नोट घेऊन गेले. माझ्या हिशेबाच्या वहीप्रमाणे हा एकतिसावा हप्ता, आणि पुढच्या महिन्यात शेवटचा. बारकूबाय आत गेली, रेघ मारली आणि हात पुसत बाहेर आली.

"झाला. फिटला."

"नाही वहिनी, अजून पाच आहेत."

"बत्तीस रेघा झाल्या. ये मोज."

मी आत जाऊन मोजल्या. बत्तीस होत्या. पुन्हा मोजल्या, बत्तीसच. मी पिशवीतली वही काढली, तिच्यात एकतीस.

"तुमची एक रेघ जास्त झाली."

"माजी भिंत खोटा बोलत नाय."

"माझी वही पण नाही बोलत."

गणपत ओटीवर बसून आमचे ऐकत होता. तो म्हणाला, "अगो, सांग ना तिला. दाढ काढल्यावर तू एक रेघ मारलीस ती."

बारकूबाय त्याच्यावर डाफरली, "तुला कोनी इचारला?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीन दिस आलीस ना तू. तिन्ही टायमाला. त्याची मारली."

"ते माझं काम होतं. त्याचा पगार मला डॉक्टर देतात."

"घरी यायचा पगार देतो का डाक्तर?"

पण पैसे पुरे केल्याशिवाय माझ्याने पाय निघणार नव्हता, हे मला पक्के कळत होते. मुलीच्या चपलांसाठी मी थोडे वेगळे बाजूला ठेवले होते. ते रुमालातून सोडले, एकेकाच्या पाच नोटा, आणि तिच्यासमोर धरल्या.

"सोळा दिवस माझ्या गोळीनं बुडाले वहिनी. साडेपंधरा नाही, सोळा. हे घ्या. ती रेघ तुम्हाला पुसायची नसेल तर राहू दे तशीच."

तिने माझ्याकडे बघितले. मी खाली बघितले नाही.

"घेते," ती म्हणाली. "नायतर तुला झोप लागनार नाय."

तिने नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या आणि कोळसा घेऊन आत गेली. एकशे साठ रुपये पुरे फिटले. भिंतीवर रेघा तेहेतीस झाल्या.